चोरी झाली नाही, एवढ्याने भागत नाही

स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी 'नेहमीपेक्षा काही वेगळे लिहा' असा प्रेमळ आग्रह धरला. भूलतज्ज्ञाने वेगळे म्हणजे काय लिहावे, हा प्रश्नच होता. आमचे काम रुग्ण झोपला असताना चालते, आणि ते बरे झाले तर कोणाच्या लक्षातही राहत नाही. तरीही एक विषय बरेच दिवस मनात घोळत होता. तो संगणकाचा आहे. परंतु मला तो आपल्याच व्यवसायाचा वाटतो, आणि त्याविषयी माझे स्पष्ट मत झाले आहे. ते मत सुज्ञ सभासदांपुढे ठेवण्याचे धाडस करतो.

आरंभ एका जुन्या प्रसंगाने करावा लागेल. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका संध्याकाळी शहरातील एका रुग्णालयात मी शस्त्रक्रियागृहात उभा होतो. मांडीचे हाड मोडलेले, वय सत्तरीचे, मूत्रपिंडे आधीपासूनच दुबळी. रक्तातील पोटॅशियमचा अहवाल तेवढा यायचा होता. तपासणी होऊन गेलेली होती, यंत्राने आकडा काढलेलाही होता. पण शस्त्रक्रियागृहातील पडद्यावर तो उमटेना. पडद्याच्या मध्यभागी ते लहानसे वर्तुळ गोल गोल फिरत राहिले. वीस मिनिटे झाली. अस्थिशल्यविशारद घाईत होते, सकाळचे मूल्य ठीक होते, आणि 'सुरुवात करू या, अहवाल येईलच' असे शब्द माझ्या ओठांवर आलेही होते. तेवढ्यात प्रयोगशाळेतील एक वयस्क तंत्रज्ञ तीन जिने चढून, धापा टाकीत, हातात कागदाचा चिठोरा घेऊन आले. त्यावर लिहिले होते ६.८. पुढचे वैद्यक मंडळींना सांगण्याची गरज नाही. कॅल्शियम, इन्सुलिन, ग्लुकोज, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली. सक्सिनिलकोलीनची भरलेली सिरिंज माझ्या ट्रेमध्ये तयार होती, हे मात्र मी आजही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली. उत्तर मिळाले, 'काही नाही सर, सिस्टिम हँग झाली होती. रिस्टार्ट केली. डेटा सगळा सुरक्षित आहे.' हे शेवटचे वाक्य सांगणाऱ्याने मोठ्या समाधानाने सांगितले, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही त्याने समाधान वाटले.

त्या दिवशी सर्व्हर कशाने थांबला हे कोणी शोधले नाही, म्हणून त्याबद्दल मी कोणताही दावा करीत नाही. परंतु मार्च २०२२ मध्ये माझा पुतण्या, जो संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो, घरी आला असता मोबाईलवर रात्रंदिवस काहीतरी पाहत बसला होता. विचारले तेव्हा म्हणाला, ''काका, ओपनएसएसएलमध्ये दोष सापडला आहे. सगळीकडे दुरुस्ती बसवायची आहे.'' चोरीचा दोष आहे का, असे मी विचारले. ''नाही, चोरी होत नाही. नुसती सेवा थांबते.'' मी म्हटले, ''अरे, नुसती थांबते, याला आमच्याकडे कार्डिअक अरेस्ट म्हणतात.'' तो हसला. पण मग त्याने दोन संध्याकाळी बसून मला तो दोष समजावून सांगितला, आणि त्यातून पुढील विचार सुचले.

ओपनएसएसएल हे सांकेतिक लेखनाचे, म्हणजे एन्क्रिप्शनचे, एक सॉफ्टवेअर-भांडार आहे. बँकेचे संकेतस्थळ उघडले की काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसते. त्या कुलपामागचे गणित करणारी ही यंत्रणा. ती विनामूल्य आहे आणि जगातील असंख्य सर्व्हर व उपकरणे हीच वापरतात. दोन संगणक एकमेकांशी बोलू लागण्यापूर्वी ओळख पटावी म्हणून एक दुसऱ्याला प्रमाणपत्र दाखवतो. ते प्रमाणपत्र वाचणे हे या भांडाराचे एक काम. दोष होता तो या वाचनात. १५ मार्च २०२२ रोजी तो जाहीर झाला. सीव्हीई-२०२२-०७७८ ही त्याची नोंद. गूगलमधील टॅव्हिस ऑर्मंडी यांनी तो शोधला, आणि गूगलचेच डेव्हिड बेंजामिन व ओपनएसएसएलचे तोमाश म्राझ यांनी दुरुस्ती तयार केली.

आता थोडे गणित. शाळेनंतर त्याच्याशी फारकत घेतलेल्या मंडळींनी घाबरू नये; मीही त्यांतलाच आहे. सात तासांचे घड्याळ कल्पावे. त्यावर ३ गुणिले ३ म्हणजे ९, आणि एक फेरी वजा केली की २. म्हणजे या घड्याळावर २ चे वर्गमूळ ३. (४ हेही चालते; पडताळून पाहावे.) प्रमाणपत्रातील चावी कधी कधी एका वक्ररेषेवरील बिंदूच्या रूपात असते. बिंदूला दोन अंक लागतात. पण जागा वाचवावी म्हणून एकच अंक पाठवायचा आणि दुसरा घेणाऱ्याने वर्गमूळ काढून मिळवायचा, अशी सोय आहे. हे वर्गमूळ काढण्याची रीत इटालियन गणिती अल्बर्टो तोनेल्ली यांनी १८९१ साली दिली आणि पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेचे डॅनियल शँक्स यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. रीत चोख आहे, पण एका अटीवर: घड्याळाचे तास ही मूळ संख्या असली पाहिजे. ५, ७, ११ चालतील. १५ चालणार नाही.

इथेच घोडे पेंड खाते. बहुतेक सगळे ठरलेल्या, नावाजलेल्या वक्ररेषाच वापरतात. पण नियमांत अशीही मुभा होती की पाठवणाऱ्याने आपली स्वतःची वक्ररेषा, आपल्या घड्याळाच्या तासांसकट, प्रमाणपत्रात लिहून पाठवावी. कोणी खोडसाळपणे तिथे संयुक्त संख्या लिहून पाठवली तर वर्गमूळ काढणारी रीत भरकटते. तिच्यात एक गणक आहे. तो १ पासून सुरू होतो. प्रत्येक पावलाला एकाने वाढतो, आणि 'मी मर्यादेइतका झालो का?' असे विचारतो. झाला असेल तर 'वर्गमूळ नाही' असे सांगून काम संपवतो. मर्यादा ५ असेल तर २, ३, ४, ५ असे मोजत तो वेळेवर थांबतो. पण संयुक्त संख्येमुळे ती मर्यादाच घसरत १ वर आली तर? गणक आधी वाढतो, २ होतो, आणि मग विचारतो, 'मी १ झालो का?' नाही. ३ होतो. 'मी १ झालो का?' नाही. ज्या गावाला उतरायचे ते स्थानक गाडी सुटतानाच मागे पडले, आणि प्रवासी मात्र खिडकीतून त्याचीच पाटी शोधतो आहे. संगणकाचा प्रोसेसर पूर्ण ताकदीने हेच करीत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र फार कामात आहे असेच वाटते.

दुरुस्ती काय होती? गणक मर्यादेहून लहान आहे तोवरच पुढे जा. मर्यादा गाठली किंवा ओलांडली की थांब. 'बरोबर का?' या प्रश्नाऐवजी 'अजून कमी आहे का?' हा प्रश्न. ओळी मोजक्याच बदलल्या.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. प्रमाणपत्रावरील सही खरी की खोटी हे तपासण्याच्या आधीच हे सारे घडते. कारण सही तपासायची तर पत्र आधी वाचावे लागते. म्हणजे हल्लेखोराला कोणाची सही चोरावी लागत नाही, कुलूप फोडावे लागत नाही. द्वारपालाच्या हाती एक निरर्थक पत्र द्यायचे. ते वाचता वाचताच तो दारात गोठतो, आणि त्याच्यामागे खऱ्या पाहुण्यांची रांग लागते. तंत्रज्ञ या प्रकाराला डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात. आपण मूत्रावरोध म्हणतो त्या चालीवर याला सेवावरोध म्हणण्यास हरकत नसावी.

अतिशयोक्ती टाळण्यासाठी हेही सांगितले पाहिजे की हा दोष प्रत्येक सर्व्हरला सारखाच बाधक नव्हता. केवळ आपले प्रमाणपत्र दाखवणाऱ्या, दुसऱ्याचे न मागणाऱ्या संकेतस्थळांना त्याची झळ कमी. जिथे समोरच्याचे प्रमाणपत्र वाचले जाते तिथे धोका. आणि एकमेकांची ओळख मागणारी यंत्रे सुरक्षितता वाढवण्यासाठीच तशी रचलेली असतात, ही त्यातली गंमत. अधिक काळजी घेणारा अधिक सापडला.

माझे म्हणणे आता मांडतो. आपण डॉक्टर मंडळी संगणक-सुरक्षा म्हटले की गुप्ततेचाच विचार करतो. तो आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. रुग्णाचे गुपित ओठांबाहेर काढू नये ही शपथ आपण व्यवसायाच्या उंबरठ्यावरच घेतो. म्हणून 'डेटा चोरीला गेला नाही' हे ऐकले की आपला जीव भांड्यात पडतो. माझ्या मते हे समाधान चुकीचे आहे. रुग्णालयात माहिती वेळेवर न मिळणे हा माहिती फुटण्याइतकाच, आणि कित्येकदा त्याहून गंभीर, अपघात आहे.

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. फुटलेले गुपित परत घेता येत नाही. थांबलेला सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो. याच ओपनएसएसएलमध्ये एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघड झाला होता. त्यात सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर, एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत, कोणालाही बाहेरून वाचता येत असे. चाव्या, परवलीचे शब्द, सारे काही. एखाद्या तरुणाचा एचआयव्ही अहवाल असा बाहेर पडला तर कोणता रिस्टार्ट त्याला पूर्ववत करील? मान्य. पण 'सर्व्हर पुन्हा सुरू होतो' हे बँकेच्या दृष्टीने पाहिलेले सत्य आहे. बँकेचा ग्राहक उद्या पैसे काढील. ६.८ पोटॅशियमचा रुग्ण उद्याची वाट पाहत नाही. सर्व्हरला पुन्हा सुरू करण्याचे बटण आहे, रुग्णाला नाही.

ब्रिटनमध्ये १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेला ग्रासले. तो प्रकार वेगळा. पण परिणाम सेवावरोधाचाच. तेथील नॅशनल ऑडिट ऑफिसच्या अहवालानुसार इंग्लंडमधील २३६ ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टना फटका बसला आणि रद्द झालेल्या भेटींचा अंदाज १९,००० हून अधिक होता. रुग्णांची माहिती चोरीला गेल्याचे आढळले नाही. म्हणजे गुप्ततेच्या फुटपट्टीने मोजले तर काहीच घडले नाही! दोषावरील दुरुस्ती तर दोन महिने आधी, मार्चमध्येच, उपलब्ध झाली होती. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर अशाच हल्ल्यात बंद पडले आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतचा व्यवहार कित्येक दिवस कागदावर चालला. त्या दिवसांतील चर्चा आठवून पाहावी. किती कोटी रुग्णांची माहिती गेली, हाच प्रश्न जो तो विचारीत होता. रांगेतल्या माणसाचे काय झाले, हे विचारणारे थोडे.

कायदा मात्र या बाबतीत आपल्या पुढे आहे, हे वाचून मला सुखद आश्चर्य वाटले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या भंगाची जी व्याख्या आहे, तीत माहिती उघड होण्याबरोबरच ती हाती न लागणे याचाही समावेश आहे. गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता या तिन्हींचा तिथे उल्लेख आहे. वकील मंडळींना जे सुचले ते आपल्याला सुचू नये?

दुसरा मुद्दा थांबण्याचा. इथे मी माझ्या विषयाकडे वळतो, कारण त्या फिरत्या गणकाची गोष्ट ऐकताना मला इंग्लंडमधील २००५ सालची एक दुर्घटना सतत आठवत होती. सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका स्त्रीला भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. उपस्थित होते ते अनुभवी तज्ज्ञ. ते नळी घालण्याचा प्रयत्न करीत राहिले. पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. परिचारिकांपैकी एकीने ट्रेकिऑस्टॉमीची सामग्री आणून ठेवली होती. रक्तातील प्राणवायू खालावत होता, मिनिटे जात होती, आणि खोलीतील प्रत्येक जण अत्यंत कामात होता. ती स्त्री पुढे दगावली. तिचे पती मार्टिन ब्रोमिली हे वैमानिक; त्यांनी कोणावर सूड उगवण्याऐवजी २००७ मध्ये क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप ही संस्था उभी केली, आणि जगभरच्या भूलतज्ज्ञांना ती घटना शिकवली जाऊ लागली. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत नळी घालण्याच्या प्रयत्नांवर मर्यादा घातली आहे: तीन प्रयत्न, आणि अधिक अनुभवी सहकारी आला तर त्याचा एक. पुढे नाही. दुसरा मार्ग धरायचा.

त्या तज्ज्ञांना कौशल्य कमी नव्हते, आणि तोनेल्लींच्या रीतीतही खोट नव्हती. दोन्हीकडे उणीव एकच: आपल्या कामाचे गृहीतक ढासळले आहे हे ओळखून बाहेर पडण्याची वाट नव्हती. रीत चांगल्या संख्येसाठी लिहिली होती, वाईट संख्या आली. नळी नेहमीच्या घशासाठी होती, वेगळा घसा आला. आपल्या क्षेत्राने हा धडा एका जिवाचे मोल देऊन घेतला. मग आपल्या रुग्णालयात बसणाऱ्या यंत्रांना आपण तो का विचारू नये? अहवाल अमुक मिनिटांत पडद्यावर आला नाही तर यंत्र काय करते? नुसते वर्तुळ फिरवते, की 'मला जमत नाही, दूरध्वनी करा' असे स्पष्ट सांगते? माझ्या मते फिरत राहणारे वर्तुळ हा वैद्यकीय उपकरणातील दोष समजला जावा. 'माहीत नाही' म्हणणारा कनिष्ठ डॉक्टर आपल्याला चालतो. गप्प बसणारा चालत नाही.

आता थोडे पैशाचे, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. हा दोष ओपनएसएसएलच्या १.०.२, १.१.१ आणि ३.० या तिन्ही मालिकांत होता. नव्या दोहोंची दुरुस्ती सर्वांना विनामूल्य मिळाली. १.०.२ ही मालिका २०१५ ची. तिची सार्वजनिक देखभाल २०१९ अखेर संपली होती, त्यामुळे तिची दुरुस्ती केवळ वेगळे पैसे भरून करार केलेल्यांनाच मिळाली. आपल्याकडील सोनोग्राफी यंत्रे, रक्ततपासणीची यंत्रे आठवावीत. दहा-पंधरा वर्षे आपण ती सुखाने वापरतो. त्यांच्या पोटात कोणत्या सालचे सॉफ्टवेअर आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? वार्षिक देखभालीच्या करारात आपण प्रोबची किंमत घासाघीस करून उतरवतो, कॉम्प्रेसर बदलून मिळेल का ते विचारतो. सॉफ्टवेअरच्या सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळतील हे वाक्य करारात आहे की नाही, हे पाहत नाही. मी स्वतः तीस वर्षांत एकदाही पाहिले नव्हते, हे कबूल करतो. आपल्या मंडळाचे सभासद असलेली छोटी-मोठी रुग्णालये एकेकटी विचारतील तर विक्रेता हसून चहा पाजील. सर्वांनी मिळून, मंडळाच्या नावाने, एकच मसुदा पुढे केला तर त्याला उत्तर द्यावे लागेल. कार्यकारिणीने हे मनावर घ्यावे.

काही तरुण सभासद म्हणतील की हा संगणकवाल्यांचा प्रश्न आहे, त्यांना पगार त्यासाठीच मिळतो. ऑक्सिजनची नळी कोठून येते हे अभियंत्याचे काम आहे. तरीही टाकी रिकामी झाली तर सिलिंडर कुठे ठेवला आहे हे मला माहीत असते, आणि दर सकाळी मी तो तपासतो.

आमच्या रुग्णालयात गेल्या वर्षापासून महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, तासभर संगणक मुद्दाम बंद ठेवून काम करतो. पहिल्या खेपेस फजिती झाली. प्रयोगशाळेचा अंतर्गत दूरध्वनी क्रमांक वॉर्डातील कोणालाच आठवेना, कारण तोही संगणकातच होता. कार्बन पेपर वाळून गेलेले निघाले. एका निवासी डॉक्टरला कागदावर औषधाचा तक्ता आखताच येईना. तेव्हा आमच्या ज्येष्ठ सिस्टरांनी पट्टी घेऊन तो आखून दिला आणि वर बारीक अक्षरात वेळ लिहिली. चिठ्ठ्या घेऊन जिन्यावरून ये-जा करायची कोणी, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. ते तीन जिने चढून आलेले तंत्रज्ञ गेल्या दिवाळीत निवृत्त झाले.